पोटावरची पिशवी आणि घरातली जयणा



गेल्या चातुर्मासापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो आहे. कर्जतच्या बाजारपेठेतून, नेरळहून, खोपोलीहून, चौकहून. फोन करणारी आधी पावसाचं बोलते, मुलांचं बोलते आणि मग आवाज खाली आणून विचारते, "ताई, आमच्या नात्यातल्या एकींचं आतड्याचं ऑपरेशन झालंय. पोटावर पिशवी बसवलीय. त्यांच्या हातचा स्वयंपाक चालतो का? त्यांनी स्थानकात येऊन सामायिक केली तर चालते का?" मलाच विचारतात, कारण माझ्याही पोटावर तशी पिशवी आहे आणि ती मी कुणापासून लपवलेली नाही.

माझं उत्तर असं की दोन्ही चालतं. उलट अशा बाईला अडवणंच आपल्या धर्मात बसत नाही, असं माझं ठाम मत आहे. फोनवर एवढं सगळं बोलता येत नाही, म्हणून आज कारणांसह लिहिते.

आधी पिशवी म्हणजे काय

आतड्याचा एखादा भाग काढावा लागला किंवा त्याला विश्रांती द्यायची असली, की डॉक्टर आतड्याचं टोक पोटावर छोटं छिद्र करून बाहेर आणतात आणि त्वचेला शिवतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचं टोक असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचं असेल तर इलिओस्टॉमी. कुणाला कॅन्सरमुळे, कुणाला आतडं अडकल्यामुळे किंवा फुटल्यामुळे, कुणाला अपघातामुळे हे करावं लागतं. काहींचं आतडं काही महिन्यांनी पुन्हा जोडतात, काहींची पिशवी कायमची असते. माझी कायमची आहे. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, त्या अल्सरेटिव्ह कोलायटिसने मला नऊ वर्षं छळलं आणि शेवटी मोठं आतडं काढावं लागलं.

स्टोमा दिसायला लाल आणि ओलसर असतो, गालाच्या आतल्या बाजूसारखा. हात लावला तर दुखत नाही. पुसताना थेंबभर रक्त दिसलं तर घाबरायचं नसतं. पण त्याचा रंग जांभळा किंवा काळा पडला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. या तोंडाला आवळून धरणारा स्नायू नसतो, म्हणून पिशवी लागते. चिकट चकती त्वचेवर बसते, तिच्यावर पिशवी, आणि पिशवीचं खालचं तोंड उघडून ती संडासात रिकामी करायची. नीट बसलेल्या पिशवीचा वास येत नाही. माझ्या शेजारी बसून पापड लाटणाऱ्या बायकांना कित्येक महिने काही कळलं नव्हतं, मी सांगितलं तेव्हा कळलं.

आता एक साधा विचार करा. आपण पोळ्या लाटत असतो, माळ फिरवत असतो, तेव्हा प्रत्येकीच्या पोटात मळ असतोच. तुमचा पोटाच्या आत आहे, माझा पोटाला लागून बंद पिशवीत आहे. साबणाने धुतलेले माझे हात तुमच्या हातांइतकेच स्वच्छ आहेत. मग माझ्या हातच्या फुलक्यात असा कोणता दोष येतो?

पाळीच्या दिवसांचे नियम घरोघरी वेगळे आहेत, तो विषय आज काढत नाही. पण तेच नियम पिशवीला लावायची रीत काही घरांत सुरू झाली आहे, ती मला मान्य नाही. तीन दिवस बाजूला बसणं वेगळं आणि जन्मभर बाजूला बसणं वेगळं. एका घरी, गाव सांगत नाही, ऑपरेशन करून आलेल्या सासूबाईंचं ताट-वाटी वेगळं काढलं आणि पाण्याच्या माठाला हात लावू नका असं त्यांना सांगितलं. ज्या बाईने त्या घरात चाळीस वर्षं गळण्याने पाणी गाळलं, जिने सुनेला जयणा शिकवली, तिला माठापासून दूर बसवलं. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त जेवण कमी करत गेल्या, म्हणजे पिशवी कमी भरेल आणि कुणाला त्रास होणार नाही. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण त्या घरात येऊन खंगल्या.

किळस आणि आपला धर्म

"पण ते अशुद्ध ना?" असं बोलताना आपण धर्माचं नाव घेतो. म्हणून धर्म काय सांगतो ते पाहू.

बारा भावनांमध्ये अशुचि भावना आहे. शरीर आतून कशाने भरलं आहे, याचा विचार करायला ती सांगते. पण कुणाचं शरीर? सगळ्यांचंच. मल्लिकुंवरीची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. तिच्या रूपावर भाळून सहा राजे चालून आले. तिने स्वतःसारखी सोन्याची पोकळ पुतळी करवली होती आणि रोज आपल्या जेवणातला एक घास तिच्या डोक्यावरच्या छिद्रातून आत टाकला होता. राजांसमोर झाकण काढलं तेव्हा त्यांनी नाकाला उपरणं लावलं. ज्या रूपासाठी लढायला निघालात, त्याच्याही आत हेच आहे, हे तिने त्यांना दाखवलं. ही कथा पिशवीवाल्या बाईकडे बोट दाखवायला नाही. जिला पिशवी नाही तिनेही आरशात बघून आठवावी, अशी ती आहे. अशुचि भावनेतून एकीला घृणा आणि दुसरीला अभिमान निघत असेल, तर ती भावना आपण उलटी धरली आहे.

पाच समितींमधली पाचवी आठवा, पारिष्ठापनिका समिती. मळ-मूत्र कुठे, कसं, जीवजंतू नसलेली जागा बघून किती काळजीने परठवायचं, हे साधू-साध्वींच्या आचाराचं एक अंग आहे. ज्या धर्माने मळ परठवण्याला ईर्या, भाषा, एषणा यांच्या रांगेत बसवलं, त्या धर्माच्या बायकांनी त्या विषयावर तोंडाला पदर लावायचा? मी पिशवी रिकामी करायला जाते तेव्हा मनात शब्द येतो तो 'परठवणे' हाच. काम तेच आहे आणि त्यात जयणाही तीच लागते.

मळात अंतर्मुहूर्तानंतर संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, मग पिशवीचं काय, असंही एका भगिनीने विचारलं. शरीराला जोडलेल्या पिशवीबद्दल निर्णय देणारी मी कुणी नाही, तो आपापल्या गुरुभगवंतांना विचारावा. मला एवढं दिसतं की डॉक्टरांचा नियम आणि जयणेचा नियम इथे एकाच दिशेने जातात. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, तुंब भरू देऊ नका, असं डॉक्टर सांगतात. भरलेली पिशवी जड होऊन चकती सुटते. जयणा पाळणारी बाई ती साठवून ठेवणारच नाही.

भगवतीसूत्रातली रेवती श्राविका तर आपण विसरूच नये. गोशालकाच्या तेजोलेश्येनंतर प्रभू महावीरांना रक्तातिसार झाला. पोटाचा, रक्त पडण्याचा आजार. आगमाने तो लपवला नाही, स्पष्ट लिहून ठेवला. सिंह अणगार मेंढियग्रामात रेवतीकडे गेले, तिने बिजोऱ्याचा पाक वहोरवला आणि प्रभूंना आराम पडला. त्या दानाने रेवतीने तीर्थंकर नामकर्म बांधलं, असं आपली परंपरा मानते. आजारातल्या नऊ वर्षांत मी ही कथा पुष्कळदा वाचली. आतड्याच्या आजारात हात पुढे करणाऱ्या श्राविकेला केवढं स्थान दिलं आहे, ते बघा.

नंदिषेण मुनींची कथाही प्रत्येक चातुर्मासात होते. अतिसार झालेल्या वृद्ध मुनीला त्यांनी खांद्यावर घेतलं. त्या मुनीने, म्हणजे परीक्षा घ्यायला आलेल्या देवाने, त्यांच्या अंगावरच घाण केली आणि वर कठोर शब्द ऐकवले. नंदिषेणांच्या मनात घृणेचा लवलेश आला नाही. याला आपण वैयावच्च म्हणतो आणि ते सहा आभ्यंतर तपांपैकी एक आहे. प्रतिक्रमणात समकिताचे पाच अतिचार म्हणताना आपण 'वितिगिच्छा' म्हणतो. तिचा एक अर्थ धर्माच्या फळाविषयी शंका, दुसरा अर्थ साधू-साध्वींच्या मळलेल्या देहाची घृणा. घृणा हा दोष आहे, हे रोज संध्याकाळी आपल्याच तोंडून निघतं. मग सासूची, जावेची, वहिनीची घृणा कुठल्या खात्यात मांडायची?

आता सामायिक. आजारपणात मला 48 मिनिटांची एक सामायिक सलग होत नव्हती. दिवसातून पंधरा-वीस वेळा धावावं लागायचं. आसन घातलं, करेमि भंते म्हटलं, की पोटात कळ. ऑपरेशननंतर अडीच महिन्यांनी मी पिशवी रिकामी करून आसनावर बसले आणि सामायिक वेळेवर पारली. दुसऱ्या दिवशी दोन केल्या. त्यामुळे पिशवी घेऊन सामायिक होत नाही असं कुणी म्हणालं, की मी सांगते, माझी तर पिशवीमुळेच होते. कधी वायूचा आवाज येतो, तो आपल्या हातात नसतो. पोटावर हात दाबून धरला की दबतो. शेजारणीने तेवढा ऐकून न ऐकल्यासारखा करावा.

देरावासी भगिनींचा प्रश्न जरा वेगळा आहे. अंगातून काही स्रवत असेल तर प्रतिमेला स्पर्श करून अंगपूजा करू नये, असा दंडक आहे. पिशवी त्यात धरायची की नाही, ते तुमच्या महाराज साहेबांकडून जाणून घ्या. पण दर्शन, अग्रपूजा, चैत्यवंदन, भावपूजा या तुमच्याच आहेत. दाराबाहेर उभं राहायचं काही कारण नाही.

घाटाखालच्या बाईचा रोजचा दिवस

इंग्रजी पुस्तिकांमध्ये पँट आणि बेल्टची चित्रं असतात. आपल्याकडच्या बाईला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्या लिहिते.

ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधी पोटावर स्टोमाच्या जागेची खूण करून मागा. उभं राहून, बसून, वाकून बघून ती खूण करतात. त्या वेळी आपला रोजचा परकर नेसून जा आणि नाडी कुठे बांधता ते दाखवा. नाडी बरोबर स्टोमावर आली तर जन्मभराचा त्रास. जमिनीवर मांडी घालून बसता, हेही सांगा. कारण बसल्यावर पोटाला वळी पडते आणि वळीत चकती टिकत नाही. तातडीच्या ऑपरेशनमध्ये याला वेळ मिळत नाही, पण ठरवून होणाऱ्या ऑपरेशनमध्ये आपण स्वतःहून विचारायला हवं.

पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो. म्हणून चकतीचं छिद्र दर वेळी मापून कापायचं, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं. इलिओस्टॉमीत बाहेर येणाऱ्या मळात पाचक रस असतात. छिद्र मोठं राहिलं तर ते कातडी जाळतात. कातडी लाल झाली की आधी माप तपासा, मग मलम शोधा.

जड उचलणं बंद. हंडा, गव्हाचा डबा, गॅसचा सिलिंडर, भिजलेल्या चादरींची बादली, यातलं काही नाही. पोटाच्या त्या जागी हर्निया होण्याचा धोका राहतो. घरच्यांनी हे ऑपरेशनच्या आधीच वाटून घ्यावं. बाई घरी आल्यावर तिने मागायचं आणि इतरांनी विसरायचं, असं होऊ नये. चालणं मात्र रोज करावं. मी उल्हास नदीच्या बाजूला सकाळी थोडं थोडं चालत सुरुवात केली.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जून ते सप्टेंबर अंग कोरडं म्हणून राहत नाही. जी चकती थंडीत चार दिवस टिकते, ती आषाढात दोन-तीन दिवसांत सुटायला लागते. चकती लावण्यापूर्वी कातडी पूर्ण कोरडी करा, पावडर-तेल लावू नका, आणि लावल्यावर काही मिनिटं तळहात दाबून धरा, उबेने ती पक्की बसते. जादा पिशव्या कोरड्या जागी ठेवा आणि पावसाळ्याच्या आधी चार जास्त आणून ठेवा. घाटात दरड पडली किंवा लोकल बंद झाली, की मुंबईहून काही येत नाही.

लोकलचं म्हणाल तर कर्जतहून दादर पावणेदोन-दोन तास, खोपोलीकरांना त्याहून जास्त, आणि लोकलमध्ये संडास नाही. आजारपणात मी तो प्रवास जवळजवळ सोडूनच दिला होता. आता कर्जतला पिशवी रिकामी करून चढते आणि दादरला उतरते. पर्समध्ये एक कापून तयार ठेवलेली चकती, एक पिशवी, मऊ कापड, पाण्याची छोटी बाटली, जुनं वर्तमानपत्र आणि एक जादा परकर. दोन वर्षांत परकर एकदाच लागला.

वापरलेली पिशवी रिकामी करून, कागदात गुंडाळून, दुसऱ्या पिशवीत बांधून घंटागाडीच्या कचऱ्यात द्यायची, डायपर आणि पॅडबरोबर वेगळी. वर लाल पेनने खूण केली तर कचरा उचलणाऱ्या माणसाला कळतं, त्याचीही जयणा होते. नदीत टाकणं नाही, मागच्या अंगणात जाळणं नाही.

स्वयंपाक आणि तप

दवाखान्यात आहाराचा कागद मिळतो. वास वाढवणाऱ्या पदार्थांत कांदा, लसूण, अंडी, मासे असं लिहिलेलं असतं. तो वाचून मला हसू आलं, अर्धी यादी आपल्या घरात येतच नाही. उरलं ते कोबी, राजमा, चवळी, वाटाणे, वायू करणारे. सुरुवातीला ते बंद ठेवा, मग एकेक करून बघा. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, फुलका, दुधीची भाजी, पिकलं केळं चालतं. ताकाने वास कमी होतो. खिचडीबरोबर घ्यायचं तर द्विदल होऊ नये म्हणून आधी गरम करून घ्या. शेंगदाणे, मका, खोबऱ्याचे तुकडे, पेरूच्या बिया, जाड सालीची फळं यांनी आतडं अडू शकतं. पहिले काही आठवडे ती नकोतच, नंतरही बारीक चावून. पिशवीत कित्येक तास काही आलं नाही, पोटात कळा आणि उलटी सुरू झाली, तर दवाखाना. इलिओस्टॉमीवाल्या बाईला एरंडेल किंवा कुठलंही जुलाबाचं औषध कधीही देऊ नका, आजी कितीही म्हणोत.

आता पर्युषणाच्या तोंडावर सर्वांत महत्त्वाचं. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेतं. ते नसेल तर दोन्ही पिशवीतून निघून जातात. इलिओस्टॉमीतून रोज अर्धा ते एक लिटर बाहेर पडणं नेहमीचं आहे. दीड-दोन लिटरवर गेलं तर धोका. अशा बाईने चौविहार उपवास केला तर चक्कर येणार, लघवी कमी होणार, किडनीवर ताण येणार. नुसतं साधं पाणी पीत राहिल्यानेही भागत नाही, मीठ लागतं. एक लिटर उकाळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचाच. हे घरातलं ओआरएस. ते ताजं करा आणि सूर्यास्ताच्या आत घोट घोट संपवा.

"मग माझी अट्ठाई गेली का?" असं एकीने रडत विचारलं. अट्ठाई गेली असेल, तप गेलं नाही. आपल्या पच्चक्खाणांमध्ये आगार आहेत. समाधी टिकावी म्हणून, आजारात औषध घेता यावं म्हणून ठेवलेला आगार ज्ञानी पुरुषांनीच ठेवला आहे. तो सवलत म्हणून लाजत घ्यायचा नसतो. रात्रीचं पाणी लागत असेल तर चौविहाराऐवजी तिविहाराचं पच्चक्खाण आहे. द्रव्यांची मर्यादा करता येते, मौन ठेवता येतं. सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर अशी बारा तपं आहेत आणि आपण त्यातलं एकच, उपवास, मिरवणुकीत मिरवतो. डॉक्टरांना विचारा, महासतीजींना विचारा, आणि दोघांनाही खरी परिस्थिती सांगा. माझ्या अनुभवात महाराज साहेबांनी कधी आग्रह केला नाही. आग्रह होतो तो शेजारणींचा. "मागच्या वर्षी केलं होतं ना, या वर्षी का नाही?" हा प्रश्न या वर्षी कुणी कुणाला विचारू नये, एवढी माझी विनंती आहे.

ही पिशवी आली कुठून

यामागची गोष्ट आपल्या बायकांना आवडेल. डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेनसन नावाची नर्स होती. तिची बहीण थोरा हिला स्टोमा झाला आणि पिशवी गळेल या भीतीने ती घराबाहेर पडेना. 1954 मध्ये एलिसेने बहिणीसाठी चिकटणाऱ्या, एकदा वापरून टाकता येणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. प्लास्टिकचा कारखाना असलेले आगे लुई-हानसन आधी तयार नव्हते. त्यांची पत्नी योहाने स्वतः नर्स होती. हे किती गरजेचं आहे ते तिने ओळखलं आणि नवऱ्याला तयार केलं. 1957 मध्ये त्यातून कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेत नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टॉमी झालेल्या बाईला डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी 1958 मध्ये क्लीव्हलँडच्या दवाखान्यात पेशंटना शिकवायला घेतलं. स्टोमाची काळजी हा वेगळा अभ्यास तिथून सुरू झाला. बहिणीने बहिणीसाठी, बाईने बाईसाठी न लाजता केलेलं हे काम आहे.

आपल्याकडे मुंबईत 1975 मध्ये ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि तिथे नर्सना या कामाचं शिक्षण दिलं जातं. पिशवी असलेल्या माणसाने दुसऱ्या पिशवीवाल्याशी बोलणं, ही या कामातली अर्धी औषधयोजना आहे. ऑपरेशननंतर मला सगळ्यांत जास्त धीर दिला तो अकरा वर्षं पिशवी वापरणाऱ्या एका बाईने. तिने फोनवर एवढंच विचारलं, "साडी नेसायला लागलीस का?"

संघाकडे माझं मागणं

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे, त्यात ऑस्टॉमी नाही. पिशव्या मात्र कायम लागतात आणि स्वस्त नसतात. ज्या घरात हा खर्च झेपत नाही, तिथली बाई एकच पिशवी धुऊन धुऊन ताणते, कातडी जाळून घेते आणि कुणाला सांगत नाही.

आपल्या संघांमध्ये व्हीलचेअर, वॉकर, पलंग, ऑक्सिजन सिलिंडर वापरायला देण्याची चांगली पद्धत आहे. त्याच कपाटात एक कप्पा स्टोमाच्या पिशव्यांचा ठेवा. साधर्मिक भक्तीत हे नक्की बसतं. ज्यांचं आतडं पुन्हा जोडलं जातं, त्यांच्याकडे न वापरलेल्या पिशव्या उरतात, त्याही तिथे द्याव्यात. महिला मंडळाने वर्षातून एक दुपार स्टोमा नर्सला बोलवावं. कर्जत आणि खोपोली दोन्हीकडून जाणं सोपं पडेल अशी जागा ठेवावी. आणि संघातल्या कुणा बहिणीचं असं ऑपरेशन झालं, तर सातेची विचारपूस करून परत येताना कुजबुज करण्यापेक्षा तिच्या हातचा चहा मागून प्यावा. सगळी उत्तरं त्यात येतात.

ज्या भगिनी नुकत्या दवाखान्यातून घरी आल्या आहेत, त्यांना दोन शब्द. पहिले दोन-तीन महिने थकवा राहतो, रडू येतं, आरशासमोर उभं राहवत नाही. नवऱ्याशी कसं बोलावं, हेही कळत नाही. त्यांना एकदा समोर बसवून पिशवी बदलताना दाखवा. न बघता माणूस जास्त घाबरतो. मुलांना साध्या शब्दांत सांगा. जेवण कमी करू नका. आणि कुणी माठाला हात लावू नका म्हटलं, तर हा लेख त्यांच्यासमोर ठेवा आणि हात स्वच्छ धुऊन पाणी गाळा.

जय जिनेंद्र.